एवढं केलं, तरी पोराला जाण नाही?

"पोटाला चिमटा काढून शिकवलं, पण त्याला काही वाटत नाही बघा." सांगलीत समुपदेशन करताना पालकांची ही तक्रार सतत कानावर येते. मेडिकलच्या 'नीट' प्रवेशपरीक्षेचा निकाल लागला की जास्तच.

तासगावकडच्या एक ताई हेच घेऊन आल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) घरची द्राक्षबाग, अवकाळीनं हंगाम गेलेले, तरी थोरल्याच्या क्लाससाठी त्यांनी पाटल्या मोडल्या. दुसऱ्यांदाही मार्क कमी आले आणि पोरगा घरात बोलेनासा झाला. "नटसम्राट बघितलंय ना मॅडम? सगळं देऊन बसलोय, आमची गत तीच होणार."

सांगली म्हणजे नाट्यपंढरी, इथल्या माणसाला दाखला नाटकातलाच आठवणार. कुसुमाग्रजांचे अप्पा बेलवलकर १९७० साली रंगभूमीवर आले, त्यांची धास्ती आईबापांच्या मनात अजून आहे. ही धास्ती खरी असते, ती मी कधी हसण्यावारी नेत नाही.

मुलाशी वेगळं बोलले. "घरी गेलं की आईच्या हाताकडंच नजर जाते. नुसत्या काचेच्या बांगड्या. घास उतरत नाही. मला तिसऱ्यांदा बसायचं नाही, बीएस्सी ॲग्री करायचंय. पण तोंड उघडलं की पाटल्यांचा विषय निघतो." जाण त्याला भरपूर होती. तिच्या ओझ्यानंच तो मिटून गेला होता. जीव नकोसा वाटतो का, हेही मी त्याला सरळ विचारलं. तसं नव्हतं. असतं तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. घरात मूल असं काही बोललं तर वाट बघू नका. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लिहून ठेवा.

ताईंना मी 'श्यामची आई'ची आठवण करून दिली. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या त्या पुस्तकात आईचं सोसणं सांगतो कोण? मोठा झालेला श्याम, तेही आई गेल्यावर. आई स्वतः हिशेब मांडत नाही. पोहायला घाबरून लपलेल्या श्यामला ती मारून बाहेर काढते, पण 'तुझ्यासाठी मी काय काय केलं' हे तिच्या तोंडी येत नाही. मग ययातीचं बोलणं निघालं. ती कथा कादंबरीत आणणारे वि. स. खांडेकर जन्मानं सांगलीचेच. तिथं बाप मुलाचं तारुण्य मागून घेतो. मी विचारलं, "ताई, हे तिसरं वर्ष तुम्ही त्याला देताय, की त्याच्याकडून घेताय?"

ताई चिडल्या. "म्हणजे आम्ही वाईट केलं?" अजिबात नाही. पाटल्या मोडल्या त्या मायेपोटीच. पण तो निर्णय आईवडिलांचा होता, त्याची परतफेड पोराच्या माथी नको.

ठरलं ते साधंच. जेवताना पैशाचा विषय काढायचा नाही. वडिलांनी एकदा वही घेऊन बसायचं आणि क्लासची फी, सोसायटीचं कर्ज, ते कसं फिटणार, सगळं पोराला सांगायचं. आकडे लपवले की मुलं त्याहून भयंकर काहीतरी मनात धरून बसतात. कृषी महाविद्यालयाच्या फीची चौकशी पोरानं स्वतः करायची. आणि ताईंनी बंद केलेली भिशी परत लावायची, भावे नाट्यमंदिरात चांगलं नाटक लागलं की जायचं. आई स्वतःसाठी जगताना दिसली की मुलाचा अपराधीपणा उतरतो, हे मी कितीतरी घरांत पाहिलंय.

पोरानं प्रवेशाचा फॉर्म भरलाय. वडील मात्र अजून राजी नाहीत, त्यांना घरात डॉक्टर हवा होता. त्यांच्याशीही बोलायचंय. बागेची कामं आवरली की येतो म्हणालेत.