भ्रष्ट अधिकाऱ्यांना पकडायला नोटीस, परवानगी, सुनावणी हे सोपस्कार कशाला? सरकारला मोकळा हात का देत नाहीत?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की हे सगळे नियम चोरांना वाचवण्यासाठीच असतात, आणि स्वतः तक्रार करावी की नाही या विचारात तुम्ही आहात. पहिल्या वाक्याशी माझं जुनं वैर आहे, म्हणून लिहायला बसले.

माझ्या आईनं 2015 मध्ये एका लाचखोराला रंगेहाथ पकडून दिलं. तो सुटला. पकडणाऱ्यांनी होते ते साधे नियमही धड पाळले नाहीत, म्हणून सुटला.

बाबा गेल्यावर फोंडा तालुक्यातल्या आमच्या जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर (आमच्या गोव्यातला सातबाराच) आईचं नाव चढवायचं होतं. कागद सगळे पुरे होते. तरी कचेरीतला एक कर्मचारी (कुठली कचेरी ते राहू दे) आज या, उद्या या करत शेवटी 15 हजारांवर आला. आई गप्प बसणाऱ्यातली नव्हे. तिनं तक्रार दिली, सापळा ठरला. पाचशेच्या नोटांना फिनॉल्फथॅलीनची पूड लावून तिच्या बटव्यात ठेवल्या. त्यानं नोटा घेतल्या, बाहेर थांबलेले सापळ्याचे लोक आत शिरले, त्याची बोटं सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवली आणि पाणी गुलाबी झालं. आम्हाला वाटलं, संपलं. घरी पेढेसुद्धा वाटले.

कोर्टात कळलं की गुलाबी पाण्यानं फक्त एवढंच ठरतं की त्याचा हात नोटांना लागला. पैसे त्यानं मागितले होते हे वेगळं सिद्ध करावं लागतं. नुसत्या नोटा सापडून भागत नाही, हे सुप्रीम कोर्टानं बी. जयराज खटल्यात 2014 मध्येच सांगितलेलं. आमच्याकडे मागणीचे पुरावे तीन होते: आई, तिच्यासोबत साक्षीदार म्हणून पाठवलेला पंच आणि खिशातला रेकॉर्डर. पंचानं भाचा म्हणून आईच्या शेजारी उभं राहायचं ठरलं होतं. तो उभा राहिला बाहेर, व्हरांड्यात. साक्षीत त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं, मला काही ऐकू आलं नाही. रेकॉर्डिंग रेकॉर्डरमधून संगणकात आणि तिथून सीडीवर गेलेलं, पण पुरावा कायद्याच्या कलम 65-ब खालचं प्रमाणपत्र (ही प्रत कशी, कुठल्या यंत्रावरून काढली ते सांगणारं) कोणी जोडलंच नव्हतं. ते लागतंच, असा निकाल सुप्रीम कोर्टानं सप्टेंबर 2014 मध्ये दिला होता, म्हणजे आमच्या सापळ्याच्या आधी. एका पानाचा कागद! सीडी बाद.

उरली आई. ती कानाला यंत्र लावते. आरोपीच्या वकिलानं पहिला प्रश्न तोच विचारला. "म्हाका बरें आयकूंक येता," आई अख्ख्या कोर्टाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. मग तो फायली चाळत, तोंड दुसरीकडे करून हळूच काहीतरी बोलला आणि आईनं भलत्याच प्रश्नाचं उत्तर दिलं. मला त्या वकिलाचा राग आला होता. आता येत नाही, तो त्याचं काम करत होता. राग येतो तो पंचाला व्हरांड्यात उभं करणाऱ्यांचा. संशयाचा फायदा देऊन आरोपी निर्दोष. मध्ये नोटबंदी झाली, आणि पुराव्यात अडकलेल्या आईच्या नोटांचा रद्दी कागद झाला तो वेगळाच.

आता आमचे डिचोलीचे भावोजी. तुमचा प्रश्न आणि त्यांचं दर चवथीचं भाषण एकच. "कायदा चोरांचा. खटला कशाला, घरावर बुलडोझर घाला." (नोव्हेंबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टानं निदान 15 दिवसांची नोटीस दिल्याशिवाय घर पाडता येणार नाही असं सांगितलं, तेव्हा त्यांना घरातलं कोणी गेल्यासारखं दुःख झालं.) पण याच भावोजींचा ट्रक खाणीवर होता, कर्जावरचा. केंद्रानं नेमलेल्या शहा चौकशी आयोगानं गोव्यातल्या बेकायदा खाणींमुळे 35 हजार कोटींचं नुकसान झाल्याचा अंदाज दिला आणि सप्टेंबर 2012 मध्ये खाणी बंद झाल्या. तेव्हा हेच ओरडत होते, "आमचं कोणी ऐकूनच घेतलं नाही!" खाणमालकांचीही तक्रार तीच होती. चौकशी आयोग कायद्याच्या कलम 8-ब प्रमाणे आयोगानं त्यांना बाजू मांडायची संधी दिली नव्हती. आणि एप्रिल 2014 च्या निकालात सुप्रीम कोर्टानं ते मानलं. ज्यांना ऐकून घेतलं नाही, त्यांच्यावर आयोगाच्या निष्कर्षांवरून खटले भरायचा आदेश आम्ही देणार नाही, असं म्हटलं. त्याच निकालात 22 नोव्हेंबर 2007 नंतरचं खाणकाम बेकायदा ठरवलं तेही खरं. म्हणजे ऐकून घेतल्यानं चोरी माफ होत नाही. आयोगानं तेवढ्या नोटिसा काढल्या असत्या तर खाणमालकांना ती सबबच उरली नसती. भावोजी, वाचत असाल तर हे तुमच्यासाठी.

परवानगीचं मात्र तुमचं बरोबर. 2018 मध्ये भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात आलेलं कलम 17-अ मला अजिबात पटत नाही. अधिकाऱ्यानं घेतलेल्या निर्णयाची नुसती चौकशी करायलाही आधी सरकारची परवानगी. खटल्याच्या आधी कलम 19 ची मंजुरी लागतेच, मग हे दुसरं कुलूप कशाला? सहसचिव आणि वरच्यांसाठी असलेलं असंच संरक्षण घटनापीठानं मे 2014 मध्ये रद्द केलं, तर चार वर्षांत ते सगळ्यांसाठीच आणलं. आणि मोकळा हात म्हणाल तर काहीच न करायला तो सरकारला आहेच. गोव्याचे लोकायुक्त न्यायमूर्ती पी. के. मिश्रा सप्टेंबर 2020 मध्ये निवृत्त झाले तेव्हा जाहीरपणे म्हणाले होते की 21 च्या आसपास अहवाल दिले, सरकारनं कशावरही कारवाई केली नाही, असंच चालायचं तर लोकायुक्त बंद करा.

तक्रार कराच. लाच घेताना जागेवर पकडायला 17-अ ची परवानगी लागत नाही. जबरदस्तीनं पैसे द्यावे लागले असतील तर 7 दिवसांच्या आत कळवा, नाहीतर 2018 पासून देणाराही गुन्हेगार ठरतो. मी वकील नाही, हेही सांगून ठेवते. शिवाय डिसेंबर 2022 च्या घटनापीठाच्या निकालानंतर तक्रारदार फितूर झाला किंवा वारला तरी मागणी परिस्थितीजन्य पुराव्यानं सिद्ध करता येते, तेव्हा आमच्यासारखंच तुमचं होईल असं नाही. जुलै 2024 पासून पुरावा कायदाही नवा आहे, 65-ब च्या जागी कलम 63, पण प्रमाणपत्र लागतंच. ते कोण देणार, हे सापळ्याच्या आधी विचारा, आणि तक्रारीची पोच घेतल्याशिवाय उठू नका. पंच कुठे उभा राहणार तेही विचारा. चिडले तर चिडू देत.