एन्झाइमचा प्रश्न आणि डॉक्टर होण्याचा आग्रह

प्रिय विद्यार्थिनी,

डोळ्यात इंजेक्शनने एन्झाइम सोडलं तर तिथली मूळची एन्झाइम्स मंदावतात की चेकाळतात, असं तू विचारलंस. बायोकेमिस्ट्रीचं शेवटचं वर्ष चालू आहे आणि घरचे म्हणतात, डोळ्यांचं एवढं वेड आहे तर डॉक्टरच हो.

आधी प्रश्नाकडे वळू. डोळ्यात टोचण्यासाठी बनवलेलं असं एक एन्झाइम-औषध म्हणजे ऑक्रिप्लास्मिन. तो आपल्याच शरीरातल्या प्लास्मिनचा, म्हणजे रक्ताच्या गुठळ्या विरघळवणाऱ्या एन्झाइमचा, प्रयोगशाळेत बनवलेला, आखूड केलेला प्रकार. विट्रियस, म्हणजे डोळ्यातला काचाभ द्रव, रेटिनाच्या, म्हणजे डोळ्यामागच्या पडद्याच्या, मध्याला चिकटून तिला ओढत असेल तर तिथली फायब्रोनेक्टिन आणि लॅमिनिन ही प्रथिनं तो तोडतो. अमेरिकेत 2012 मध्ये त्याला मान्यता मिळाली. मात्रा 0.125 मिलिग्रॅम, एकदाच. मुख्य चाचण्यांत 28 दिवसांनी ही चिकटण 26.5 टक्के रुग्णांत सुटलेली दिसली; औषधाविना नुसतं द्रावण टोचलेल्यांत 10.1 टक्के.

आकडा एवढाच का, याचं एक कारण तुझ्या प्रश्नातच आहे. प्लास्मिनला अडवणारं अँटिप्लास्मिन शरीरात असतंच, शिवाय ऑक्रिप्लास्मिन स्वतःलाही तोडत निकामी होतं. दुसरीकडे, विट्रियसमध्ये एमएमपी-2 हे प्रथिनं तोडणारं एन्झाइम बरंचसं निष्क्रिय रूपात पडून असतं आणि प्लास्मिन अशा एन्झाइम्सना जागं करू शकतं. म्हणजे एकाच इंजेक्शनला लगाम बसतो आणि त्याच इंजेक्शनने दुसऱ्या कुणाचा तरी लगाम सुटू शकतो. मंदावणं की चेकाळणं, हे मात्रा, वेळ आणि अवरोधकांचा, म्हणजे एन्झाइमला अडवणाऱ्या पदार्थांचा, साठा यांवर ठरतं.

जुनं उदाहरणही बघ. स्पेनचे नेत्रशल्यविशारद बाराकेर यांनी 1950च्या दशकाच्या अखेरीस मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत भिंगाला धरून ठेवणारे तंतू विरघळवायला कायमोट्रिप्सिन हे प्रथिनं तोडणारं एन्झाइम वापरलं. तंतू सुटले, पण त्यांचे तुकडे द्रव बाहेर जाण्याच्या जाळीत अडकून काही रुग्णांच्या डोळ्यांचा दाब वाढला. एन्झाइमने काम चोख केलं होतं. त्रास राडारोड्याने दिला.

आता घरच्यांचं म्हणणं. नेत्रतज्ज्ञ विचारतो, इंजेक्शन कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही. तू विचारतेस ते वेगाचं आणि अवरोधाचं. हा प्रश्न एन्झाइम कायनेटिक्स, प्रोटीन इंजिनिअरिंग आणि नेत्र-औषधशास्त्राचा आहे. तिथे जायला वैद्यकीय पदवी लागत नाही, आणि केवळ डोळा हा अवयव आवडतो म्हणून ती घेणं मला पटत नाही. रुग्णांशी बोलण्यात तुझा जीव रमत असेल तर गोष्ट वेगळी, पण तुझ्या दोन पानी पत्रात रुग्ण एकदाही आलेला नाही!

या वर्षी जिलेटिन झायमोग्राफी शीक, म्हणजे जिलेटिन घातलेल्या जेलमध्ये एन्झाइम्स वेगळी करून त्यांचं काम बघण्याची पद्धत. एकाच जेलवर एमएमपीचं निष्क्रिय आणि सक्रिय रूप वेगवेगळ्या पट्ट्यांत दिसतं, म्हणजे तुझ्या प्रश्नाचा निदान एक तुकडा डोळ्यांनी बघता येतो. मग नेत्रसंशोधन करणाऱ्या प्रयोगशाळेला प्रकल्पासाठी लिही. 'मला डोळ्यांची आवड आहे' हे वाक्य वगळ. प्रश्न लिही आणि तो कोणत्या नमुन्यावर, किती-किती तासांनी मोजशील, ते चार ओळींत सांग.