आय-सेव्हन, पण कितवा?

प्रश्न : आमच्या डीटीपीच्या दुकानासाठी सेकंडहँड आय७-२६०० चा पीसी स्वस्तात मिळतोय. थोडी भर घातली तर नवा आय३-१२१०० येतो. पण 'सेव्हन' सोडून 'थ्री' घ्यायचा म्हणजे उलटाच कारभार नाही का?

इंटेलच्या प्रोसेसरांमध्ये थ्री, फाइव्ह, सेव्हन ही एकाच पिढीतल्या भावंडांची उतरंड असते. अकरा वर्षांनी जन्मलेल्याला ती लागू होत नाही. तुमचा आय-सेव्हन दुसऱ्या पिढीतला, जानेवारी २०११ चा. हा आय-थ्री बाराव्या पिढीतला, जानेवारी २०२२ चा.

ही जोडी तुलनेला फार छान आहे, कारण कागदावर दोघे जुळे वाटतात. दोघांनाही ४ कोअर (प्रोसेसरच्या आतली काम करणारी केंद्रं) आणि ८ थ्रेड (एका वेळी हाताळता येणारे कामाचे धागे). मूळ वेग जुन्याचा ३.४ गिगाहर्ट्झ (सेकंदाला ३.४ अब्ज ठोके), नव्याचा ३.३, म्हणजे तिथं जुनाच पुढं! टर्बोमध्ये, म्हणजे गरजेपुरत्या वाढीव वेगात, ३.८ विरुद्ध ४.३. तरीही एकट्या कोअरवर पडणारं काम नवा साधारण दुप्पट वेगानं उरकतो. फरक आहे तो कोअरच्या आत. जुना कोअर एका ठोक्याला चार सूचना उलगडू शकतो, नवा सहा. पुढं येणारं काम आधीच हाताशी घेऊन जुळवाजुळव करायला जुन्याकडे १६८ जागा होत्या, नव्याकडे ५१२ आहेत. प्रत्येक कोअरची खासगी एल२ कॅश (हाताशी ठेवलेली छोटी, वेगवान मेमरी) २५६ केबीवरून सव्वा एमबीवर गेली. वर जुन्याला डीडीआर३-१३३३ रॅम, नव्याला डीडीआर४-३२००. आणि एवढं करून इंटेलनं जाहीर केलेली मूळ वीज ९५ वॉटवरून ६० वर आली (टर्बोत नवाही जास्त खेचतो, हे खरं).

लग्नपत्रिकांसोबत तुम्ही व्हिडिओ-आमंत्रणंही करत असाल, तर आणखी एक गोष्ट बघा. फोन आता एचईव्हीसी पद्धतीनं व्हिडिओ साठवतात. तो उलगडणारं खास सर्किट २०११ च्या चिपमध्ये नाहीच; सगळा भार कोअरवर येतो आणि टाइमलाइन अडखळते. नव्या आय-थ्रीमध्ये ती सोय अंगचीच आहे. फक्त बिलावर '१२१००एफ' नाही ना, एवढं बघून घ्या. 'एफ' म्हणजे आतलं ग्राफिक्स बंद; वेगळं कार्ड घेतल्याशिवाय मॉनिटरवर काही उमटणार नाही.

आय-थ्री घ्या.

प्रश्न : २००४ साली घेतलेल्या माझ्या पेंटियम ४ वर ३ गिगाहर्ट्झ लिहिलंय. मुलाच्या आय५-१२४०० च्या खोक्यावर २.५! वीस वर्षांत वेग कमी झाला?

अडत्याच्या गाळ्यावर एखादा हमाल धावत फेऱ्या मारतो, पण प्रत्येक फेरीत एकच पोतं आणतो. दुसरा सावकाश चालतो आणि हातगाडीवर सहा पोती आणतो. गिगाहर्ट्झ म्हणजे नुसत्या फेऱ्या. शिवाय मुलाच्या प्रोसेसरचे २.५ हा मूळ वेग आहे. गरज पडली की तो ४.४ पर्यंत जातो, आणि असे सहा कोअर आहेत.

पेंटियम ४ ची गोष्ट मात्र मजेदार आहे. खोक्यावरचा आकडा वाढवायचा म्हणून इंटेलनं त्याच्या कामाचे बारीक बारीक तुकडे पाडले. २००४ च्या 'प्रेस्कॉट' आवृत्तीत एक सूचना ३१ टप्प्यांतून जायची. पुढं काय करायचं याचा चिपचा अंदाज चुकला, की त्या रांगेतलं अर्धवट काम टाकून पुन्हा सुरुवात. त्यात उष्णता भयंकर. ४ गिगाहर्ट्झचं मॉडेल शेवटी रद्दच झालं आणि ऑक्टोबर २००४ मध्ये इंटेलचे तेव्हाचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी एका परिषदेत मंचावर चक्क गुडघे टेकून माफी मागितली. दोनच वर्षांत २.४ गिगाहर्ट्झच्या कोअर २ डुओनं ३.८ च्या पेंटियमला सहज मागं टाकलं. तेव्हापासून खोक्यावरच्या आकड्यावर माझा विश्वास उरलेला नाही.

प्रश्न : ऑफिसातला कोअर २ डुओ टॅलीसाठी पुरतो, पण सुरू व्हायला चार-पाच मिनिटं घेतो. प्रोसेसर बदलू का?

नको. तो वेळ बहुतेक जुन्या हार्ड डिस्कचा असणार. साटा एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारी वेगवान डिस्क) बसवा. पुढं पीसी बदललात तरी तीच वापरता येईल. विंडोज ११ चं मात्र मनातही आणू नका. २४एच२ आवृत्तीपासून ती या प्रोसेसरवर सुरूच होत नाही.

प्रश्न : माझा आय५-७४०० विंडोज ११ ला चालत नाही, मित्राचा आय३-८१०० चालतो. त्याचा इतका सरस आहे का?

थोडा सरस आहे, पण कारण ते नव्हे. दोघांनाही ४ कोअर, ४ थ्रेड, ६ एमबी कॅश. कोअरची आखणी जवळपास तीच. तुमचा टर्बोत ३.५ गिगाहर्ट्झ गाठतो, त्याचा कायम ३.६ वर चालतो. दोन्ही २०१७ चेच, एक जानेवारीतला, एक ऑक्टोबरमधला. विंडोज ११ चालणाऱ्या प्रोसेसरांच्या यादीत मायक्रोसॉफ्टनं इंटेलसाठी रेघ मोटामोटी आठव्या पिढीवर ओढली, आणि तुमचा सातव्या पिढीतला अलीकडे राहिला. ती रेघ वेगाची नाही. एकट्या कोअरच्या कामात तुमच्यापेक्षा मंद असलेले काही सेलेरॉनही (इंटेलचे स्वस्तातले प्रोसेसर) त्या यादीत आहेत.

मित्रासारखा ८१०० आणून आपल्याच मदरबोर्डवर लावावा, असं वाटेल. प्रोसेसर बसवायच्या खाचेचं, म्हणजे सॉकेटचं, नावही तेच, एलजीए ११५१. पण पिनांची जोडणी बदललेली आहे. बसेल, चालणार नाही. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे एक तर लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी दुसरी प्रणाली) टाका, नाही तर बोर्डासकट बदला. मी तुमच्या जागी असतो तर आधी पेनड्राइव्हवरून मिंट चालवून बघितलं असतं. त्याला पैसे पडत नाहीत.