बंद झालेला मोबाइल नंबर आणि ते १५ दिवस

तुम्ही पत्रात लिहिता: दुसरं प्रीपेड सिम कपाटात पडून राहिलं, २८ डिसेंबरनंतर वापर नाही, २९ मार्चला नंबर बंद. आणि बँकेचे ओटीपी त्याच नंबरवर. अशी पत्रं सारखी येतात. “न विचारता नंबर काढून घेतलाच कसा?” या प्रश्नात फारसा दम नाही. सलग ९० दिवस वापर नसेल आणि सिमच्या मुख्य खात्यात २० रुपयेही शिल्लक नसतील, तर कंपनी नंबर बंद करू शकते. ट्रायचा, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाचा, हा नियम २०१३ पासून आहे.

तुमची खरी बाजू तुम्ही शेवटच्या ओळीत जाता जाता लिहिली आहे: ८ एप्रिलला कंपनीच्या गॅलरीत गेलात आणि “नवीन नंबर घ्या” म्हणून परत पाठवलं. नंबर बंद झाल्यावर १५ दिवसांची सवलत असते. त्या मुदतीत मागितलात, तर फार तर २० रुपये घेऊन तोच नंबर सुरू करून द्यावा लागतो. तुम्ही दहाव्या दिवशी गेला होतात! पण लेखी अर्ज नाही, पोच नाही. आता निदान गॅलरीत मिळालेली टोकनची चिठ्ठी शोधा आणि आधी तिचा फोटो काढा. त्या कागदावरची छपाई काही महिन्यांत उडते.

त्याच कंपनीच्या दुसऱ्या फोनवरून १९८ ला तक्रार करा, दोन्ही तारखा सांगा, डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) लिहून घ्या. तक्रार निकालात निघाली नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर ३० दिवसांत कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जा. त्यांना ३९ दिवसांत निर्णय द्यावा लागतो. ट्रायला पत्र पाठवून वेळ घालवू नका, ते वैयक्तिक तक्रारी सोडवत नाहीत. ग्राहक आयोगाचा रस्ता सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये मोकळा केला आहे आणि मुदत दोन वर्षांची आहे, पण तिथे तारखांवर तारखा पडतात. भरपाई किती मिळेल, हे तुमच्या पुराव्यावर.

घाई वेगळ्याच कारणासाठी आहे. बंद नंबर किमान ९० दिवस दुसऱ्याला दिला जात नाही, असं ट्रायने २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टात सांगितलं होतं. तुमचे ९० दिवस २७ जूनला संपतात. त्यानंतर तो नंबर कुणाच्या हातात जाईल सांगता येत नाही, आणि गेला तर परत मिळणं जवळजवळ अशक्य. म्हणून तक्रारीच्या निकालाची वाट न बघता उद्याच बँकेच्या शाखेत जाऊन नंबर बदलून घ्या. या वेळी पोच मागायला विसरू नका.