लाल सोनं आणि मिठाचं पाणी

प्रश्न : आमचं म्हापशात दागिन्यांचं छोटं दुकान, आजोबांपासूनचं. आमची बाय बीएस्सीला आहे, तिने लॅबमधनं लाल पाण्याचा फोटो पाठवला नि म्हणते बाबा हे सोनं. मीठ घातलं तर निळं पडलं म्हणे. प्रेग्नन्सी किटवरची लाल रेघ पण सोन्याचीच असं सांगते. खरं का हे? आणि ते सोनं परत काढता येतं?

उत्तर : शेट, बाय अगदी बरोबर सांगते. सोनं तेच, फक्त कण साधारण २० नॅनोमीटरचे, केसाच्या जाडीत असे ४००० तरी ओळीने बसतील. इतक्या बारीक कणावर उजेड पडला की सोन्यातले मोकळे इलेक्ट्रॉन सगळे एका तालात हलतात, नि तो ताल हिरव्या उजेडाशी जुळतो, म्हणजे ५२० नॅनोमीटरच्या आसपास लांबीच्या उजेडाच्या लाटेशी. हिरवा तिथंच गिळला जातो, लाल पार जातो. मायकेल फॅरडे या शास्त्रज्ञाने १८५७ साली लंडनमध्ये असंच लाल सोनं केलेलं, त्याच्या बाटल्या अजून जपून ठेवल्यात!

मिठाची गोष्ट मला सगळ्यात आवडते. पावसात मांडवी लालभडक गढूळ वाहते बघा, मातीचे बारीक कण तरंगत राहतात कारण त्यांच्यावर ऋण विद्युत भार असतो नि ते एकमेकांना ढकलतात, पण खाली समुद्राचं खारं पाणी भेटलं की मिठामुळे ते ढकलणं कमी पडतं, कण चिकटतात नि गाळ बसायला लागतो. बायच्या बाटलीत हेच झालं. सोन्याचे कण एकमेकांना चिकटले की त्यांचा ताल बदलतो, मग ते लाल-नारिंगी उजेड गिळतात नि आपल्याला निळं दिसतं.

किटचं म्हणाल तर बऱ्याच किटमध्ये सोन्याच्या कणांवर अँटिबॉडी, म्हणजे ठरावीक पदार्थच धरून ठेवणारी प्रथिनं, चिकटवलेल्या असतात. लघवीत गरोदरपणाचं हार्मोन असलं तर त्याला धरून हे कण रेघेवर अडकतात, लाखोंनी जमले की रेघ डोळ्याला दिसते, मशीन लागत नाही, घरातल्या घरात कळतं. कोरोनाच्या घरगुती टेस्टमध्येही कितीतरी वेळा हीच युक्ती होती. पण त्यातलं सोनं मायक्रोग्रॅमच्या हिशोबात, गुंज सोडाच, तुमच्या काट्याला कळणारही नाही.

एक सांगून ठेवतो, लॅबमधलं ते पाणी औषध समजून कुणी चाखू नका, त्यात रसायनं असतात. आणि निळं झालेलं पाणी तसंच ठेवलं तर तळाशी काळपट गाळ बसेल, तो धुवून मुशीत वितळवला की तुमच्या ओळखीचं पिवळं सोनंच निघेल, चिमटीत धरता येणार नाही एवढंसं.