आधी फोटो, मग डिस्क

घरच्या नॅसबद्दल बरीच पत्रं साठली आहेत. नॅस म्हणजे राउटरशेजारी चोवीस तास चालू असणारा, घरातल्या सगळ्यांचे फोटो आणि कागदपत्रं सांभाळणारा दोन-चार डिस्कचा डबा. पत्रांत विचारणा बहुतेक डिस्कची आहे. मला काळजी आतल्या फोटोंची आहे, आणि उत्तरं मी त्याच क्रमाने देतोय.

आमच्या नॅसमध्ये ४ टीबीच्या दोन डिस्क आहेत, रेड १ मध्ये. परवा रात्री बीप वाजायला लागला, एका ट्रेचा दिवा केशरी झाला आणि मोबाइलवर ‘डिग्रेडेड’ असा मेसेज आला. फायली सगळ्या उघडतायत. दुकानदार म्हणतो, नवी डिस्क टाका, बाकी आपोआप होतं. टाकू का? (कोपरखैरणे)

टाका, पण उद्या. आजची रात्र कॉपी करण्यात घालवा.

दुकानदार खोटं बोलत नाही, मधली पायरी गाळतोय. रेड १ मध्ये दोन्ही डिस्कवर तेच ते लिहिलेलं असतं. एक गेली, म्हणजे आता सगळा भार दुसरीवर, आणि ती बहुधा त्याच दिवशी, त्याच दुकानातून जोडीने घेतलेली. नवी डिस्क घातली की ही उरलेली डिस्क पहिल्या सेक्टरपासून (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा छोटा कप्पा) शेवटच्या सेक्टरपर्यंत वाचली जाते. सेकंदाला १५० एमबीचा वेग धरला तर ४ टीबीला साडेसात तास लागतात. मधे कुणी त्यावरून सिनेमा लावला तर आणखी. एरवी निवांत फिरणाऱ्या डिस्कचा खरा कस नेमका त्या रात्री लागतो.

म्हणून बीप सेटिंगमधून बंद करा, बाहेरची यूएसबी डिस्क लावा. पहिले फोटो आणि घरचे व्हिडिओ, मग कागदपत्रं. सिनेमे राहिले तरी चालतील, ते परत मिळतात. ‘बंद करून चालू करून बघू’ हा उपाय इथे नको. थकलेली डिस्क एकदा थांबली की पुन्हा फिरेलच असं नाही.

आणि ट्रे ओढण्याआधी सिरियल नंबर जुळवा, हे हात जोडून सांगतो. स्क्रीनवरची ‘डिस्क १’ डावीकडची की वरची, हे प्रत्येक मॉडेलचं वेगळं असतं. पाचपाखाडीत एका घरी मी पोचलो तेव्हा चांगली डिस्क टेबलावर वर्तमानपत्रावर काढून ठेवलेली होती आणि आजारी डिस्क आत एकटीच घरघरत होती. मुलीच्या बारशापासूनचे फोटो त्यात. चांगली डिस्क लिनक्सच्या (विंडोजऐवजी वापरतात त्या प्रणालीच्या) लॅपटॉपला फक्त वाचण्यापुरती जोडली आणि सगळं निघालं, पण तोवर त्या आईने चहाच्या कपाला हात लावला नव्हता. नंबर नॅसच्या स्टोरेज मेनूत दिसतो आणि डिस्कच्या स्टिकरवर छापलेला असतो. एक मिनिटाचं काम आहे.

स्मार्ट रिपोर्टमध्ये १९९ या ओळीसमोर ३४० आकडा आलाय. डिस्क वॉरंटीत आहे. बदलून घेऊ? (मानपाडा, ठाणे)

थांबा. स्मार्ट रिपोर्ट म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद. त्यातली १९९ म्हणजे सीआरसी एरर. डिस्क आणि बोर्ड यांच्या मधल्या वाटेत डेटा बिघडला आणि परत पाठवावा लागला. दोष बहुतेक वेळा केबलचा किंवा कनेक्टरचा निघतो, तबकड्यांचा नाही. नॅस नीट शटडाउन करा, ट्रे काढा, कनेक्टरवरची धूळ कोरड्या मऊ ब्रशने झटका आणि ट्रे खटकन बसेपर्यंत आत सरकवा. हा आकडा परत शून्यावर येत नाही, म्हणून आज कागदावर टिपून ठेवा. आठवड्याने तेवढाच असेल तर विषय मिटला.

जीव लावून बघायच्या ओळी तीन: ५, १९७ आणि १९८. ५ म्हणजे खराब ठरवून बाजूला काढलेले सेक्टर, ज्यांच्या जागी राखीव सेक्टर वापरात आले. १९७ म्हणजे वाचता न आलेले, अजून निकाल न लागलेले. १९८ म्हणजे तपासणीतही हाती न लागलेले. प्रत्येक ठिकाणी ‘रॉ’ रकान्यातला आकडा बघा. ५ समोर ८ असतील आणि वर्षभर ८च राहिले, तर मी ती डिस्क वापरत राहीन. सोमवारी ८, गुरुवारी २४, रविवारी ११० असं चढत गेलं, तर त्याच दिवशी कॉपी काढून वॉरंटीला द्या. वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, तिच्यातला डेटा नाही.

डिस्क टिक-टिक आवाज करते आणि नॅसला दिसत नाही. विंडोजच्या लॅपटॉपला लावली तर ‘इनिशियलाइझ’ करायला सांगतो. मित्र म्हणतो, रात्रभर फ्रीजरमध्ये ठेव. (नेरुळ)

लगेच बंद करा आणि परत लावू नका. वाचणारं हेड तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. टिक-टिक म्हणजे बहुतेक वेळा त्या हेडला आपली जागा सापडत नाही, आणि प्रत्येक प्रयत्नात तबकडी खरवडली जाण्याची भीती असते.

फ्रीजर मुळीच नको. नेरुळच्या दमट हवेत गार डिस्क बाहेर काढली की तिला थंड पाण्याच्या बाटलीसारखा घाम फुटतो. विंडोजच्या त्या प्रश्नाला ‘कॅन्सल’ म्हणा. नॅसची डिस्क बहुधा लिनक्सच्या फाइल सिस्टिमची असते, विंडोजला ती ओळखता येत नाही, म्हणून तो कोरी समजून तिच्यावर नवी मांडणी लिहायला निघतो.

डिस्क शांत असती, फक्त काही सेक्टर अडकत असते, तर लिनक्सवर ‘डीडीरेस्क्यू’ने तिची नक्कल काढायला सांगितलं असतं. ते आधी सोपा भाग उचलतं, अवघड जागी मागाहून येतं, आणि कुठवर आलं याची नोंद ठेवतं. आवाज येतोय तेव्हा मात्र क्लीन रूम (धुळीपासून जपलेली खोली) असलेली रिकव्हरी लॅबच. खर्च आधी लेखी घ्या, डेटा निघाला नाही तर किती पैसे घेणार तेही विचारा. कोपऱ्यावरच्या दुकानात झाकण उघडू देऊ नका.

नवी डिस्क कुठलीही चालेल का? (कळवा)

जुनीएवढी किंवा मोठी हवी, आणि सीएमआर हवी, म्हणजे जिच्यात लिहिण्याचे पट्टे एकमेकांवर न चढता शेजारी-शेजारी असतात अशी. एसएमआर प्रकारात पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, त्यामुळे सलग लिहिताना ती फार मंदावते आणि रीबिल्ड, म्हणजे नव्या डिस्कवर सगळं पुन्हा उतरवणं, रखडतो. नाव बघून फसू नका. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलने स्वतः मान्य केलं होतं की, नॅससाठीच्या ‘रेड’ नावाच्या मालिकेतल्या (हे वरच्या ‘रेड १’मधलं रेड नव्हे) २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर आहेत. मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या तक्त्यात तपासा.

मी निवृत्त शिक्षिका. मुलगा परदेशी जाताना नॅस बसवून गेला. ‘दोन डिस्क आहेत, काळजी नको’ म्हणाला. मी काय बघत जाऊ? मुलगी ठाण्याला असते. (ऐरोली)

बाई, दोन डिस्क म्हणजे एक बिघडली तरी काम चालू राहतं, एवढंच. चुकून एखादं फोल्डर पुसलं, तर ते दोन्हीकडून एकाच क्षणी जातं. मुलाला फोनवर सांगून नॅसचे इशारे तुमच्या मोबाइलवर सुरू करून घ्या. छोटा यूपीएस घ्या, यूएसबी वायरने नॅसला जोडता येईल असा, म्हणजे वीज गेल्यावर नॅस स्वतःहून नीट बंद होईल.

बाकी महिन्यातून एकदा. यूएसबी डिस्क लावा, बॅकअप चालवा, आणि संपल्यावर नातवंडाचा कुठलाही एक फोटो त्या डिस्कवरून उघडून बघा. उघडला की ती डिस्क मुलीकडे न्यायच्या पिशवीत ठेवा, आणि तिच्याकडची आधीची परत आणा.