पहिला हिमालय: केदारकंठा की दयारा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डोंबिवलीचे तिघे. तुम्ही ४२, मिसेस ३९, मुलगा १४ वर्षांचा आणि नववीत. कळसूबाई, राजगड, हरिश्चंद्रगड झालेत. नाताळच्या सुट्टीत जाऊन-येऊन आठ दिवस हातात आहेत. ऑफिसातले सगळे म्हणतात उत्तराखंडातला केदारकंठा शिखराचा ट्रेक एकदम सोपा. तर जावं का, गाइड कसा निवडावा, आणि उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स गोळी घ्यावी का?

जा. पुढच्या वर्षी मुलाची दहावी, म्हणजे तुम्ही दोन वर्षं अडकणार. पण नाताळ, आठ दिवस आणि केदारकंठा या तिघांपैकी एक काहीतरी बदला. तिन्ही एकत्र जमवायला गेलात तर ट्रेक बहुतेक होईल, पण सगळा वेळ घड्याळाकडे बघत होईल.

आधी दिवसांचा हिशेब. केदारकंठ्याचा ट्रेक सांकरी गावातून सुरू होतो आणि डेहराडूनहून तिकडच्या गाड्या सकाळी लवकर सुटतात, म्हणून आदल्या रात्री डेहराडूनला पोचलेलं असणं भाग आहे. मसुरी, पुरोला, मोरी असा जवळजवळ २०० किलोमीटरचा घाटरस्ता, त्यात आख्खा दिवस जातो. मग चार दिवस ट्रेक, सातव्या दिवशी परत डेहराडून, आठव्या दिवशी मुंबई. मोकळा दिवस एकही नाही. डिसेंबरच्या शेवटी उत्तर भारतात धुकं पडतं, दिल्लीकडच्या गाड्या तासन्‌तास रखडतात, विमानंही लटकतात. तुमची गाडी रखडली म्हणून पंधरा जणांचा ग्रुप तुमच्यासाठी थांबत नाही. शिवाय नाताळ ते एक जानेवारी केदारकंठ्यावर एवढी गर्दी असते की शिखराच्या वाटेवर पहाटे हेडटॉर्चची रांग लागते. दादर स्टेशनचा पूल बघायला इतक्या लांब कशाला जायचं? आणि एवढं करून त्या आठवड्यात बर्फ असेलच असंही नाही. तो वेस्टर्न डिस्टर्बन्स, म्हणजे पश्चिमेकडून येऊन हिमालयात बर्फ पाडणारी वादळी हवा, कधी येते त्यावर आहे. खात्रीचा बर्फ जानेवारी-फेब्रुवारीत, पण तेव्हा तुमच्याकडे शाळा.

आता "एकदम सोपा" या शब्दांबद्दल. वाटेच्या दृष्टीने ते खरं आहे. कुठे दोर नाही, कडा नाही, हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेसारखं काही नाही. पण आपला कळसूबाई १,६४६ मीटर. सांकरी गावच साधारण १,९५० मीटरवर आहे. म्हणजे महाराष्ट्रातल्या सगळ्यात उंच देवळापेक्षा तीनशे मीटर वर तुम्ही जीपमधून उतरणार आणि ट्रेक तिथून सुरू होणार. पहिला मुक्काम जुडा का तालाब, सुमारे २,७७०. दुसरा बेस कॅम्प, सुमारे ३,४३०. तिसऱ्या दिवशी अंधारात निघून ३,८१० मीटरचं शिखर आणि त्याच दिवशी खाली हरगावला. शिखरावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाहूनही थोडा कमी असतो.

त्यात शिखराच्या आकड्यापेक्षा झोपण्याच्या जागेचा आकडा जास्त महत्त्वाचा, आणि नेमका तोच कुणी विचारत नाही. डॉक्टरांचा सर्वसाधारण नियम असा की ३,००० मीटरच्या वर गेल्यावर रोजच्या मुक्कामाची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. इथे दुसऱ्या रात्री ती साडेसहाशेच्या आसपास वाढते. बहुतेकांना निभावतं, पण बेस कॅम्पला संध्याकाळी तंबूतंबूत डोकी का धरलेली असतात त्याचं कारण हे आहे.

म्हणून तुमच्यासाठी माझी पसंती दयारा बुग्याल. बुग्याल म्हणजे देवदार-ओकचं जंगल संपतं त्याच्या वरची कुरणं. उत्तरकाशीच्या पुढे रैथल किंवा बारसू गावातून चढतात. मुक्काम ३,००० च्या आसपासच राहतात, सर्वात वरचा माथा साधारण ३,६०० ला आणि तिथून दिवसाउजेडी परत. चढ हळूहळू आहे, समोर बंदरपूंछ आणि श्रीकांत ही शिखरं दिसतात, गर्दी कमी. उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बुग्यालांवर रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली, त्यामुळे तंबू खालीच, जंगलाच्या कडेला लागतात. काही लोक त्यावर कुरकुरतात. मला तर पहिलटकरांच्या दृष्टीने ते बरंच वाटतं, रात्री वारा कमी लागतो. ट्रेक आटोपशीर असल्यामुळे आठ दिवसांत एक दिवस शिलकीला राहतो आणि धुक्याची निम्मी काळजी मिटते. (जाता जाता: ऑगस्टमध्ये रैथलचे लोक वर दयाऱ्याला जमून दूध, ताक आणि लोण्याने होळी खेळतात. दहीहंडीवाल्यांनी एकदा बघून यावं.)

केदारकंठाच हवा असेल तर नववा दिवस काढा. मे महिन्यात जायचं म्हटलं तर दयारा तेव्हाही छान, हिरवा असतो, फक्त चारधाम यात्रेमुळे उत्तरकाशीच्या रस्त्यावर वाहतूक तुंबते. यूथ हॉस्टेलचा मे महिन्यातला हिमाचलमधला सार पास ट्रेक कुणीतरी सुचवेलच, कारण मुंबईतल्या निम्म्या लोकांचा पहिला हिमालय तोच. स्वस्त आणि शिस्तीचा कार्यक्रम असतो, पण उंची ४,००० च्या वर आणि दिवस जास्त. तो पुढच्या खेपेला.

आता मुख्य मुद्दा. सह्याद्रीत आपण जिद्दीवर चालतो. दम लागला तर लिंबू सरबत प्यायचं, दोन शिव्या घालायच्या आणि कसाऱ्याची शेवटची लोकल गाठायची म्हणून पाय ओढत राहायचं. ते तिथे चालतं, कारण तिथे फक्त पाय दमलेले असतात. हिमालयात हीच सवय गोत्यात आणते. डोकं दुखतंय, मळमळतंय, जेवण नको वाटतंय, झोप येत नाही, ही उंचीच्या त्रासाची लक्षणं. साधारण २,५०० मीटरच्या वर गेल्यावर सहा-बारा तासांत सुरू होतात, आणि त्यांचा तुमच्या फिटनेसशी फारसा संबंध नाही. मॅरेथॉन धावणारा आडवा होतो आणि मागून रमतगमत येणाऱ्या काकू ठणठणीत असतात. उलट फिट माणूस जोरात चढतो, पाणी कमी पितो आणि वर सांगतही नाही. तुमच्या घरात लपवणारा कोण असेल तर मुलगा, आणि त्याच्या खालोखाल तुम्ही. म्हणून डोंबिवलीतून निघतानाच तिघांत ठरवून टाका: डोकं दुखलं की अर्ध्या तासात गाइडला कळलंच पाहिजे. गोळी घेऊन गप्प राहायचं नाही. लक्षणं असताना वर चढायचं नाही, तिथेच थांबायचं. वाढत गेली तर खाली, मग रात्रीचे दोन का वाजलेले असेनात. नुसतं बसलेलं असतानाही धाप लागणं, सतत खोकला, किंवा सरळ रेषेत टाचेला चवडा लावून चालता न येणं, यातलं काहीही दिसलं तर चर्चा करत बसायचं नाही, लगेच उतरायचं.

डायमॉक्स, म्हणजे अ‍ॅसिटाझोलामाइड. प्रतिबंधासाठी मोठ्या माणसांना सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून देतात. पण ती डॉक्टरच्या चिठ्ठीनेच घ्यायची, विशेषतः सल्फाच्या औषधांची अ‍ॅलर्जी असेल किंवा आधीपासून काही गोळ्या चालू असतील तर. मुलाचा डोस मुलाचा डॉक्टर ठरवेल, तुमची गोळी अर्धी करून देऊ नका. बोटांना मुंग्या येतात आणि लघवीला वारंवार लागते. शून्याखाली तापमान असताना झोपेच्या पिशवीतून बाहेर येऊन, बूट चढवून, शौचाच्या तंबूपर्यंत जायचं म्हणजे काय ते तिथेच कळेल. दयाऱ्याच्या मुक्कामांचा विचार करता धडधाकट माणसाला बहुधा तिची गरज पडू नये. डॉक्टरला मुक्कामांचे आकडे दाखवा आणि त्यांना ठरवू द्या. आणि गोळी घेतली म्हणून वेगात चढायची मुभा मिळत नाही.

गाइड निवडताना वेबसाइटवरचे बर्फातले फोटो बघू नका, फोन करा आणि प्रश्न विचारा. गाइडने उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा किंवा तशा संस्थेचा कोर्स केलाय का? ऑक्सिजन सिलिंडर प्रत्यक्ष कॅम्पवर असतो की गावात? रोज सकाळ-संध्याकाळ बोटाला ऑक्सिमीटर लावून रक्तातल्या ऑक्सिजनची नोंद ठेवतात का? माथ्याच्या दिवशी मागे फिरायची वेळ ठरलेली असते का? आणि माझा सगळ्यात आवडता प्रश्न: एकाला रात्री खाली न्यायची वेळ आली तर त्याच्याबरोबर कोण जातं आणि उरलेल्यांजवळ कोण थांबतं? ज्याच्याकडे याचं उत्तर तयार असतं त्याने ते कधीतरी केलेलं असतं. "काही होत नाही हो, टेन्शन घेऊ नका" असं उत्तर आलं की फोन ठेवा. पैशांचं बोलताना डेहराडूनपासूनची गाडी, जंगल परवाना, मायक्रोस्पाइक्स (बर्फात घसरू नये म्हणून बुटांवर चढवायचे काटे), सॅक खेचरावर टाकण्याचा खर्च आणि जीएसटी आत की बाहेर, हे लेखी घ्या. स्वस्त आणि महाग यातला बराच फरक तिथेच विरघळतो. थेट रैथल-सांकरीचा स्थानिक गाइड घेतलात तर पैसा गावात राहतो आणि वाटेचं ज्ञानही पक्कं मिळतं, पण वरचे सगळे प्रश्न त्यालाही विचारायचे. पहिल्या खेपेला, मुलगा बरोबर असताना, मी नीट चालवलेल्या छोट्या ग्रुपबरोबर जाईन.

तयारीला दोन महिने पुरतात. आठवड्यातून चार दिवस भरभर चालणं किंवा हळू धावणं, पाच किलोमीटर चाळीस मिनिटांच्या आत, बोलता येईल इतक्याच दमात. लिफ्ट बंद. जिने चढताना पाठीवर पाच-सहा किलोची सॅक, उतरताना तीच सॅक, कारण गुडघे उतारावर बोलतात. रविवारी आसनगावला उतरून माहुली करा, मग पुन्हा कळसूबाई, पण या वेळी मुद्दाम हळू, न थांबता. सलग शनिवार-रविवार दोन चढाया एकदा तरी करा. पहिल्या दिवशी सगळेच चालतात. दुखऱ्या पायांनी दुसऱ्या दिवशी उठून चालणं ही सवय सह्याद्रीच्या एका दिवसाच्या ट्रेकने लागत नाही.

सामानात पैसे घालायचे तर बुटांत घाला, बाकी भाड्याने मिळतं. घोट्यापर्यंतचे, पाणी आत न येणारे, जाड मोजे घालून अंगठा पुढे टेकणार नाही असे बूट. संध्याकाळी जाऊन घ्या, तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात. मग तेच घालून माहुली. नवे कोरे बूट हिमालयात नेणाऱ्याची टाच तिसऱ्या दिवशी बघवत नाही. जीन्स आणि सुती बनियन घरी ठेवा. सुती कपडा घाम धरून ठेवतो आणि थांबलात की अंग गार पडतं. थर्मल, वर फ्लीस, वर जाड जॅकेट, असे थर हवेत. जॅकेट गावात किंवा आयोजकांकडे भाड्याने मिळतं, आणि मुंबईत परत आल्यावर त्या जॅकेटचं करणार काय? चालण्याच्या काठ्या चेक-इनच्या बॅगेत, पॉवर बँक मात्र केबिनमध्येच. रात्री फोन आणि बॅटऱ्या झोपेच्या पिशवीत घ्या, थंडीत त्या बघता बघता उतरतात. रोकड डेहराडूनलाच काढून घ्या.

जेवणाचं सांगायचं तर वर भूक मरते. भात-डाळ-भाजी गरम मिळते, पण घास उतरत नाही. एक पुडी मेतकूट आणि छोटी डबी तूप नक्की न्या. मऊ भातावर ते घातलं की नको म्हणणारा माणूसही ताट संपवतो. चिक्की आणि शेंगदाण्याचे लाडू खिशात. पाणी दिवसाला तीन-चार लिटर, तहान लागली नाही तरी. दारू नाही.

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, नाताळच्या गाड्या त्याच सकाळी भरतात, तेव्हा तारीख ऑक्टोबर उजाडायच्या आत पक्की करा. तुमचे दोघांचे बूट लगेच घ्या. मुलाचे नोव्हेंबरात घ्या. चौदाव्या वर्षी पाऊल कधी एक नंबर पुढे जाईल ते सांगता येत नाही.